नावाड्याचा हात

शेलगव्हाणच्या घाटाला नाव लागण्याच्या सुमारास सिद्धेश्वर नावाडी बोलणे थांबवीत असे. गोदावरीच्या मध्यावर तो विनोद करी, उतारूंच्या घरची ख्यालीखुशाली विचारी, कोणाच्या म्हशीने चारा का सोडला याचा निवाडाही देई. परंतु काठ तीस-चाळीस हातांवर आला की त्याचा उजवा हात मोटारीच्या दांड्यावर स्थिरावे, दांड्याची मूठ फिरवताच इंजिनाचा आवाज उतरत उतरत कुजबुजीवर येई आणि नाव पायरीला इतकी अलगद टेके की कोणाच्या मांडीवरच्या तांब्यातले पाणी हलू नये. संस्कृतात सुकाणूला ‘कर्ण’ अशी एक संज्ञा आहे आणि ते धरणाऱ्याला कर्णधार म्हणतात. हा शब्द आता खेळाच्या मैदानांवर रुळला आहे; शेलगव्हाणात तो अद्याप पाण्यावर होता.

नांदेडच्या खाली गोदावरी जिथे रुंदावत जाते तिथे या गावाचे तिने दोन तुकडे केले आहेत. दक्षिण काठावर मूळ गाव, ग्रामपंचायत आणि शाळा. उत्तर काठावर साठ-सत्तर उंबऱ्यांची पैलवस्ती. दूरच्या पुलावरून जायचे तर एकवीस किलोमीटरांचा वळसा पडतो. वस्तीवरच्या अकरा मुली रोज सकाळी नावेने शाळेला जातात, आणि शेतमजुरीला निघालेल्या बायाही त्याच नावेने. घाटाच्या खाली दोनशे पावलांवर एका वाहून गेलेल्या पुलाचे दगडी खांब उभे आहेत. पावसाळ्यात सगळे पाणी तिकडे ओढ घेते. त्यामुळे घाटाला लागताना मोटार चालू असावी लागते आणि मंदही असावी लागते. बंद पडली तर नाव खांबांकडे जाते. जोरात राहिली तर पायरीवर आदळते.

सिद्धेश्वर भोयाचे वय अठ्ठावन्न. त्याच्या वाडवडिलांनी वल्ह्यांवर नदी ओलांडली, त्यानेही आयुष्यातली बहुतेक वर्षे तेच केले. चार वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीने फायबरची नाव आणि तिच्या मागच्या फळीवर बसवायची पेट्रोलची मोटार घेतली, तेव्हा पन्नाशी उलटलेला हा मनुष्य यंत्रापुढे विद्यार्थ्यासारखा बसला. बारा लिटर पेट्रोलात किती ऑइल मिसळायचे, प्लग कधी पुसायचा, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू कधी सैल ठेवायचा, हे सर्व तो महिनाभरात शिकला. टाकी तो घाटावर कधी सोडीत नसे. संध्याकाळी ती खांद्यावर घेऊन पैलवस्तीवरच्या आपल्या घरी नेई आणि देवळीखालच्या कोपऱ्यात ठेवी.

यंदाच्या आषाढात मोटारीने पहिल्यांदा दगा दिला. भर नदीत ती उत्तम चालली; काठाशी येऊन आवाज उतरवला आणि ती दोनदा ठसकून गप्प झाली. नाव वळू लागली. सिद्धेश्वरने वल्हे उचलून ती घाटाला लावली, मुली हसत उतरल्या आणि गोष्ट तिथेच संपली. आठवड्यात हे तीनदा झाले. तेव्हा हसणे थांबले.

त्याने क्रमाक्रमाने शोध घेतला. प्लग काढला, काजळी पुसली, मग नवाच घातला. रबरी नळीला चीर आहे का ते पाण्यात बुडवून पाहिले. पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर उन्हात ठेवले. तळाशी पाण्याचा थेंब नव्हता. हवेचा स्क्रू सैल होता, जाळी स्वच्छ होती. सगळे अवयव निर्दोष आणि व्याधी कायम, अशी ती अवस्था. अखेर त्याने मंद चालीचा स्क्रू अर्धा वेढा आवळला. आता मोटार बंद पडेना. पण गियर टाकताच नावेने असा हिसका दिला की बिलोलीकडची मजूर रत्नम्मा भाऱ्यासकट पायरीवर पडली. तिचे कोपर सोलवटले. तेलुगूत तिने काय म्हटले ते कोणाला पूर्ण कळले नाही, आणि कळण्याची आवश्यकताही नव्हती. सिद्धेश्वरने स्क्रू पूर्ववत केला आणि मोटार पूर्ववत बंद पडू लागली.

श्रावणात तो मोटार टेम्पोत घालून नांदेडला घेऊन गेला. देगलूर नाक्याजवळ मकबूल मिस्त्रीचे दुकान आहे. फवारणीचे पंप आणि जुन्या मोटारसायकली दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. त्याने कार्बोरेटर उघडला, मंद चालीसाठी ज्या केसाएवढ्या छिद्रातून पेट्रोल जाते तो जेट साफ केला आणि म्हणाला, “कचरा होता, सिद्धूभाऊ. गेला.” तीन आठवडे मोटार गुणी बाळासारखी चालली. भाद्रपद लागला आणि तीच रडकथा पुन्हा सुरू झाली.

आता गाव बोलू लागले. यंत्र मिस्त्रीकडून येऊनही बंद पडते याचा अर्थ यंत्रात खोट नाही, असा लोकांनी तर्क केला. आणि तो तर्क सकृद्दर्शनी चुकीचाही नव्हता. घाटावर बालाजी नावाचा तरुण बसलेला असे. ट्रॅक्टर चालवण्यात त्याचा हातखंडा. तो एकदा सर्वांदेखत म्हणाला, “मामा, मोटार बंद पडून न्हाई राहिली. तुमचा हात थरथरतो, दांडा जास्त फिरतो. वय झालं की ब्रेक आधी जातेत.”

“तुझे ब्रेक मागल्या पोळ्याला पाह्यले की आम्ही,” सिद्धेश्वर म्हणाला, “शिवकुमारच्या दुकानात ट्रॅक्टर घुसिवला तवा.”

लोक हसले. सिद्धेश्वरही हसला. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे घाटावर कोणी नसताना त्याने पेला काठोकाठ भरून तळहातावर धरला आणि तो पाण्याकडे पाहत राहिला. पाणी हलत होते. वाऱ्याने हलते की हाताने, हे त्याला ठरवता येईना. दुसऱ्याने घेतलेल्या संशयाला मनुष्य उत्तर देऊ शकतो. तो संशय आपल्याच मनात उतरला की उत्तर देणारा कोणी उरत नाही.

त्याच आठवड्यात अकरा मुली बसलेल्या असताना मोटार घाटापासून वीस हातांवर बंद पडली आणि नाव निम्म्या वाटेपर्यंत खांबांकडे वाहत गेली. वल्ह्यांनी ती परत आणताना सिद्धेश्वरच्या तळहातांची साले निघाली. दुपारी सरपंच बबिताताई घाटावर आल्या. पस्तिशीच्या, पदवीपर्यंत शिकलेल्या. त्यांची स्वतःची मुलगी दहावीत होती.

“मामा, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही न्हाई,” त्या म्हणाल्या. “पण पोरींचे बाप माझ्या दारात बसून राह्यलेत. मंगळवारपर्यंत नाव बंद. मोटार का बंद पडती त्याचं कारण मला लेखी पाहिजे. नुसतं ‘दुरुस्त झाली’ म्हणून चालणार न्हाई. श्रावणात बी झालीच होती. कारण सापडलं तर नाव तुमची. न्हाई सापडलं तर दांडा बालाजीकडं.”

“कारण माझा हात निघाला तर?”

“तर तुम्हीच सांगाल मला,” बबिताताई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी सिद्धेश्वर पुन्हा मकबूलच्या दुकानी गेला. या खेपेस मकबूलने फोनवर बजावले होते की टाकीही आण, जशी आहे तशी, रिकामी करू नकोस. दुकानामागे अर्धा कापलेला लोखंडी पिंप पाण्याने भरला होता. त्याच्या काठावर मोटार बसवून मकबूलने ती सुरू केली. पूर्ण वेगात ती धडधडत होती. वेग उतरवला, तिने दोन आचके दिले आणि ती थांबली.

“दांडा माझ्या हातात हाय,” मकबूल म्हणाला. “माझा बी हात कापतो का काय?”

इतक्या दिवसांत प्रथमच सिद्धेश्वर स्टुलावर नीट टेकून बसला.

“ऐक. हे पळताना मरत न्हाई, थांबताना मरते,” मकबूल म्हणाला. “पळताना मोठ्या भोकातून पितंय. बारकं भोक बंद हाय. श्रावणात मी कचरा समजून फुंकला. चूक माझी. कचरा कुठून येतो ते इचारलंच न्हाई.”

त्याने कार्बोरेटर खोलला. बारीक जेट पांढऱ्या कापडावर ठेवून त्याने चष्मा कपाळावर चढवला. छिद्राच्या तोंडाशी मधाच्या रंगाचा पातळ थर होता. पेट्रोलमध्ये बुडवून तो विरघळला नाही. मकबूलने तो नखाने खरवडला, चिमटीत चोळला. बोटे एकमेकांना चिकटली.

“आपलं ऑइल वर्षभर ठेवलं तरी असं वाळत न्हाई,” तो पुटपुटला. थर त्याने तारेच्या टोकावर घेतला आणि काडी पेटवून तिच्यापाशी नेला. धूर आला. दोघांनीही तो हुंगला. मकबूल खो खो हसला. “या अल्ला! सिद्धूभाऊ, ह्याला तर भज्याच्या कढईचा वास! करडीचं तेल हाय हे. कोन भजी तळून राह्यलं तुमच्या टाकीत?”

करडईचे तेल उघड्यावर राहिले की हळूहळू आटून चिकट होते आणि मग लाखेसारखे घट्ट बसते. मराठवाड्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात तेलाच्या भांड्याच्या कडेला ती पिवळी साय धरते. बायका ती राखेने घासून काढतात. पेट्रोलमध्ये थोडेसे मिसळलेले ते तेल मोठ्या वाटेने निघून जाई. बारीक वाटेत मात्र थेंबाथेंबाने बसत जाई. सिद्धेश्वरने टाकीचे झाकण हातात घेतले. आट्यांवरून बोट फिरवले. तीच पिवळी साय तिथेही होती. आपल्या घरच्या भांड्यावरची साय त्याने तीस वर्षे पाहिली होती.

तो हसला नाही, हे मकबूलच्या ध्यानात आले. “काय झालं?”

“धुरपता,” सिद्धेश्वर म्हणाला.

धुरपताबाई ही त्याची पत्नी. दर शनिवारी ती मारुतीला तेल घालते. गेल्या पावसाळ्यात पुराच्या ओढीने नाव खांबांच्या जवळून कशीबशी परतल्याचे तिने काठावरून पाहिले होते. तेव्हापासून देवळातून आल्यावर ती देवळीत दिवा लावी आणि तिच्याखाली ठेवलेल्या टाकीपाशी काही वेळ बसे. सिद्धेश्वर ते पाही आणि तिकडे लक्ष देत नसे. आता त्याला सारे समजले. तो स्वतः तिच्यासमोर पेट्रोलात तेल मिसळीत असे. यंत्र तेल पिते आणि तेलाने जगते, हे तिने त्याच्याच तोंडून ऐकले होते. मग मारुतीच्या पळीतले उरलेले तेल यंत्राला दिले तर देवाचे बळ त्याच्या अंगी येईल, हा तिचा हिशेब कोणत्या बाजूने चुकीचा होता? श्रद्धेने केलेल्या कर्माचा दोष शोधणे अवघड असते, कारण ते कर्म करणारा हात सर्वांत जवळचा असतो.

मकबूलने तांब्याच्या वायरीचा एकच तंतू काढून जेट मोकळा केला, थिनरने सगळा कार्बोरेटर धुतला, टाकी रिकामी करून घासली. ताज्या मिश्रणावर मोटार सुरू झाली आणि मंद चालीवर पिंपाच्या पाण्यात संथ गुरगुरत राहिली. चहा आला, संपला. मोटार गुरगुरतच होती.

“जा, सांग तुमच्या सरपंचबाईला,” मकबूल म्हणाला. “हात बरा हाय म्हणावं. मी चिठ्ठी लिहून देतो.”

“धुरपताचं नाव घालू नको.”

“मग काय लिहू? पेट्रोल खराब?”

सिद्धेश्वरने मान हलवली. गावात पेट्रोल शिवकुमार आणून देई. त्याच्यावर आळ आला असता. “लिही, मिश्रणात चुकीचं तेल पडलं. नावाड्याच्या हातून.”

मकबूलने पेन खाली ठेवले. “येडा झालास का, मियाँ? हातासाठी येवढी धावाधाव केली, अन् आता हातावरच घेतोस?”

“अकरा पोरींचे मायबाप तिच्या दारात येतील, मकबूल. तिनं माझ्यासाठी केलं ते. तिला बाहेर तोंड दाखिवता येणार न्हाई.”

“खोटं मी न्हाई लिहिणार,” मकबूल म्हणाला. त्याने चिठ्ठीवर एवढेच लिहिले की पेट्रोलमध्ये खाण्याचे तेल मिसळल्याने जेट बंद झाला होता व तो साफ केला आहे. ते कोणी मिसळले, याची ओळ सिद्धेश्वरने स्वतः, त्याच पेनने, खाली जोडली.

मंगळवारी घाटावर बबिताताईंनी चिठ्ठी वाचली. मोटार सर्वांसमोर चालवून पाहिली. ती एकदाही बंद पडली नाही. त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली.

“मामा, चार वर्षं तुम्ही मिश्रण करताय. खायचं तेल कसं काय घातलं?”

“डबे शेजारी होते. चुकलं.”

“एकदाच?”

मिस्त्रीने श्रावणात एकदा साफ करूनही दोष परत आला होता, हे सर्वांना ठाऊक होते. “न्हाई,” सिद्धेश्वर म्हणाला. “जास्त येळा.”

गर्दीतून कोणी तरी हळूच म्हणाले, “नजर बी गेली आता.” बबिताताईंनी चिठ्ठीची घडी घातली. मग त्यांनी सांगितले की दिवाळीपर्यंत दांडा बालाजी धरील, मिश्रण बालाजी करील. मामांनी शेजारी बसून वाट दाखवावी. बालाजी पुढे झाला. सिद्धेश्वरने टाकी त्याच्या हाती दिली, तिचे झाकण कसे अडकते तेही समजावले, आणि तो घरी गेला.

धुरपताबाई चुलीपुढे बसली होती. बातमी त्याच्या आधी घरी पोहोचली होती. तिने ताट वाढले, पाणी ठेवले आणि समोर बसून राहिली.

“खायचं तेल म्हणले मिस्त्री?” तिने विचारले.

“हाव.”

“करडीचं?”

तो भाकरी मोडीत राहिला.

“मीच घालत होते,” ती म्हणाली. “दर शनवारी. एक पळी.”

“ठाऊक हाय.”

“कवापासून?”

“काल.”

“मग सांगितलं कामून न्हाई?”

“काय सांगायचं? तू काय वाइटासाठी केलं?”

“वाइटासाठी न्हाई केलं म्हणून काय वाइट झालं न्हाई?” तिचा आवाज चढला. “पोरी बसल्या होत्या त्यात! त्या वाहत निघाल्या तवा मी काठावरून मारुतीचं नाव घेत होते. अन् करणारी मीच.” तिने पदराने डोळे पुसले. नंतर म्हणाली, “तुम्ही माझी चूक झाकली. लोक म्हणून राह्यलेत तुमची नजर गेली, हात गेला. ते मी ऐकू व्हय रोज?”

सिद्धेश्वर म्हणाला की दिवाळी दोन महिन्यांवर आहे, लोक विसरतील. तिने ताट उचलले.

धुरपताबाईचे वडील याच नदीत बुडून गेले होते. नावाड्याशी लग्न होऊनही तिने तीस वर्षांत नावेत पाय ठेवला नव्हता. पलीकडे काम निघाले तर ती पुलावरून एकवीस किलोमीटर जात असे आणि तितकेच परत येत असे. बुधवारी सकाळी मुली शाळेला निघाल्या तेव्हा ती वस्तीकडच्या घाटावर आली आणि नावेत बसली. मुलींनी सरकून जागा केली. बालाजीने सिद्धेश्वरकडे पाहिले. सिद्धेश्वर तिच्या शेजारी बसला. पार होईस्तोवर तिने डोळे मिटून नावेची कड दोन्ही हातांनी धरली होती.

ग्रामपंचायतीच्या खोलीत बबिताताई नुकत्याच येऊन बसल्या होत्या. धुरपताबाईने उभ्यानेच सगळे सांगितले; पळी किती मोठी, तेल कोणते, कोणत्या श्रावणापासून कोणत्या शनिवारपर्यंत. काही वगळले नाही, काही सौम्य केले नाही. बबिताताईंनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

“काकू, तुमच्यावर राग न्हाई माझा,” बबिताताई शेवटी म्हणाल्या. मग त्या सिद्धेश्वरकडे वळल्या. “पण मामा, तुमच्यावर हाय. हात बरा हाय तुमचा, ते कळलं. मी आजच गावात सांगते. पण कारण लेखी मागितलं होतं मी, अन् तुम्ही खोटं लिहून दिलं. उद्या खरंच काही झालं नावेत, तर तुम्ही घरच्यासाठी पुन्हा झाकणार न्हाई कशावरून? पोरींच्या बापांना मी काय सांगू?”

हाताच्या आरोपाला सिद्धेश्वरने आठवडाभर उत्तर शोधले होते. हा आरोप खरा होता.

“दिवाळीपर्यंत बालाजीच,” बबिताताई म्हणाल्या. “अन् दिवाळीला बी काय होईल ते आत्ता सांगत न्हाई.” त्यांनी मंगळवारची चिठ्ठी फायलीतून काढली, तिच्याखाली खरी हकीकत लिहिली आणि दोघांपुढे सरकवली. सिद्धेश्वरने सही केली. धुरपताबाईने अंगठा उमटवला आणि शाई पदराला पुसली.

ती दोघे बाहेर आली. शाळेत प्रार्थना चालली होती. घाटाकडे उतरणारी वाट चिखलाची होती. सिद्धेश्वर पुढे झाला आणि तिला धरण्यासाठी त्याने हात मागे केला. तिने तो धरला.

“लई भ्या वाटलं का, येताना?” त्याने विचारले.

“वाटलं,” धुरपताबाई म्हणाली. “आन् आजून परत जायचं हाय.”